भाड्याचा ब्लॉक : करार आणि शेजार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या या विषयांवरील विचार आपण दरवर्षी ऐकत आला आहात. आजचा आमचा विषय त्या मानाने रोकडा व्यवहाराचा आहे. तथापि ज्या कुटुंबातील मुलगा वा मुलगी नोकरीनिमित्त मुंबईस आहे, त्या कुटुंबास तो तितकाच निकडीचा वाटेल. लोअर परळ, वरळी, लालबाग अशा गजबजलेल्या भागातील उंच इमारतीत सर्व सुखसोयींनी युक्त असा ब्लॉक भाड्याने घ्यावयाचा झाल्यास काय पाहावे, हा तो विषय होय.

आपल्या वाडवडिलांचा काळ निराळा होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे प्रमाण धरले आणि भाडेकरूस खोलीतून काढणे दुर्घट करून ठेवले. त्यायोगे सामान्य माणसास निवारा लाभला. परंतु मालकास दुरुस्ती परवडेनाशी झाली आणि पागडीची प्रथा फोफावली. दुसरा मार्ग सहकाराचा होता. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. एका ज्ञातीच्या मध्यमवर्गीयांनी एकत्र येऊन निवाऱ्याचा प्रश्न सोडविला, हा धडा आपणासारख्या मंडळांनी विसरू नये असाच आहे.

आज जो ब्लॉक भाड्याने मिळतो तो मात्र या दोहोंपैकी कशातच बसत नाही. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये बहुतेक व्यवहार 'लीव्ह अँड लायसन्स' या प्रकारचे होतात. वाडवडिलांच्या खोलीवर त्यांचा हक्क होता. या ब्लॉकमध्ये आपणांस असते ती ठरावीक मुदतीची परवानगी. मुदत संपली की जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास सक्षम प्राधिकारी ती रिकामी करवितो आणि दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. संगमरवरी फरशी, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा ही सारी शोभा या एका वाक्यानंतर येते, हे तरुणांनी आधी मनाशी पक्के करावे.

म्हणूनच कागद चोख हवा. 'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी नको' असा समज अद्याप सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रापुरता तो चुकीचा आहे. मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्यात कसूर केल्यास मालकास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय अशा प्रसंगी अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. यास्तव नोंदणी ही दोन्ही पक्षांची ढाल आहे.

आणि हिचा खर्च तरी किती? भाडे दरमहा १ लाख, अनामत ६ लाख आणि मुदत ३ वर्षे असे उदाहरण घेऊ. एकूण भाडे ३६ लाख. परत मिळणाऱ्या अनामतीवर द.सा.द.शे. १० दराने कल्पिलेले ३ वर्षांचे व्याज १ लाख ८० हजार. बेरीज ३७ लाख ८० हजार. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ९,४५० रुपये, आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. दलालास एक महिन्याचे भाडे बिनतक्रार मोजणारे लोक एवढ्या रकमेसाठी नोंदणी टाळतात, यास काय म्हणावे?

करारातील ज्या कलमांवरून पुढे वाद होतात ती थोडक्यात सांगतो. मुदतीपूर्वी जागा न सोडण्याची अट, जिला 'लॉक-इन' म्हणतात, ती किती महिन्यांची आहे? ती मालकावरही तितकीच बंधनकारक आहे काय? सोसायटीचा मासिक खर्च कोण देणार? मोटार ठेवण्याची जागा आणि क्लबचा वापर करारात नमूद आहे काय? रंगकामाचे पैसे अनामतीतून कापले जाणार काय, आणि उरलेली अनामत किल्ल्या देताना त्याच दिवशी मिळणार काय? पंखे, वातानुकूलन यंत्रे, कपाटे यांची यादी छायाचित्रांसह करारास जोडावी. मालकी खरी आहे हे नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक २ आणि सोसायटीचे भागपत्र पाहून ठरवावे. दलाल जे क्षेत्रफळ सांगतो त्यावर न जाता टेप घेऊन चटईक्षेत्र मोजावे. भाडे दरमहा ५० हजारांहून अधिक असल्यास नोकरदार भाडेकरूनेही त्यातून आयकर कापून सरकारात भरावयाचा असतो; ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के झाला. पुष्कळ तरुणांस ही गोष्ट नोटीस आल्यावरच कळते.

कागदानंतर शेजार. आज जेथे हे टॉवर उभे आहेत तो सारा मुलूख गिरणगावाचा. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या विकास नियमावलीनंतर त्यांच्या जमिनी विक्रीस मोकळ्या होऊ लागल्या. कचेऱ्या आल्या, उपाहारगृहे आली. रस्ते आणि स्थानकांचे जिने मात्र त्या वेगाने रुंदावले नाहीत. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली. त्याच वर्षी २८-२९ डिसेंबरच्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जीव गेले. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ साली बंद झाला, तो पूर्णपणे खुला व्हावयास नोव्हेंबर २०२३ उजाडला.

हे घाबरविण्यासाठी सांगत नाही. तिसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो हे खरे. पण माणसास रोज खाली उतरावे लागते. म्हणून ब्लॉक पाहावयास रविवारी दुपारी न जाता सकाळी नऊ वाजता जावे, स्थानकापर्यंत पायी चालून पाहावे, आणि पुन्हा रात्री दहानंतर जावे. आगीच्या वेळचा जिना मोकळा आहे की त्यात सामान रचले आहे, तेही डोळ्यांनी पाहावे.

आणखी एक गोष्ट. लालबागचे सार्वजनिक गणेशोत्सव १९२८ आणि १९३४ पासूनचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ध्वनिवर्धकांस मनाई आहे आणि सणांच्या ठरावीक दिवशी ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते. नियमभंगाची तक्रार अवश्य करावी. परंतु उत्सवच नको असे ज्यास वाटते, त्याने त्या वस्तीत घरच घेऊ नये. मसाल्याच्या गिरण्या, चिवड्याची दुकाने, चाळींच्या गॅलऱ्या यांमुळेच तर ती वस्ती जिवंत आहे. काचेच्या भिंतीआड राहून केवळ तिचे भाडे मोजणाऱ्यास त्या पैशाचा निम्मा मोबदलाही मिळत नाही.

शेवटी, या सभागृहातील वडीलधाऱ्यांना दोन शब्द. आपल्यापैकी अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून दुसरा ब्लॉक घेतला आहे आणि त्याच्या भाड्यावर उतारवयातील खर्च चालतो. जागा बळकावली जाईल ही आपली धास्ती आम्ही जाणतो; तिच्यावर उपाय नोंदणीकृत करार हाच आहे. भाडेकरूची जात, धर्म, आहार अथवा एकटी राहणारी स्त्री म्हणून तिचे एकटेपण यांवरून नकार देणे हा त्यावरील उपाय नव्हे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींस विसंगत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. पूर्वजांनी ज्ञातीचा आधार घेतला तो परक्या शहरात आपल्या माणसास छप्पर मिळावे म्हणून. दुसऱ्याच्या मुलाचे छप्पर नाकारण्यासाठी नव्हे. आपल्या मुलीचे आडनाव विचारून कोणी दार लावले, तर आपणांस काय वाटेल? तोच प्रश्न किल्ली हाती असताना स्वतःस विचारावा. भाडेकरूची नोकरी, ओळखपत्र आणि पूर्वीच्या मालकाचा अभिप्राय पाहावा, पोलीस ठाण्यास रीतसर माहिती द्यावी. एवढे पुरे आहे.

मंडळास आमची एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी ज्ञातीतील एखाद्या अनुभवी वकिलाने कार्यालयात बसून तरुणांचे करार सहीपूर्वी वाचून द्यावेत. यास निधी लागत नाही, इमारत लागत नाही. दोन तासांची सवड लागते. १९१५ साली ज्यांनी विटा रचल्या त्यांच्या मानाने हे काम अल्प आहे, परंतु आजच्या पिढीस त्याचीच गरज आहे.