स्टिअरिंगवर हात, हातात मोजे?



आमच्या गटाचा ट्रॅक्टर आम्ही आळीपाळीने चालवतो. शिकायला येणारी प्रत्येक जण कधी ना कधी विचारतेच, "ताई, हातमोजे घालायचे का हो?" आणि हे विचारताना आवाज जरा खाली जातो. कारण गावात लगेच कुणीतरी म्हणणार, "आली बघा मेमसाब!" बाई ट्रॅक्टरवर बसली की आधीच दहा डोळे तिच्यावर असतात, त्यात मोजे घातले की झाला थाट! पण दिवसभर स्टिअरिंग धरायचंय ते आपल्या हातांनी. तेव्हा लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवू आणि मोज्यांचा उपयोग किती, धोका किती, तेवढं बघू.

मोजे घातलेच पाहिजेत असा कायदा नाही. लायसन्सच्या परीक्षेतही कुणी विचारत नाही. पण ही रीत नुसत्या ऐटीतून आलेली नाही. पूर्वीच्या मोटारी उघड्या असायच्या, स्टिअरिंग लाकडाचं किंवा धातूचं, आणि थंडी-वारा थेट हातावर. म्हणून चालवणारे कातडी मोजे घालत. आज मोटारीत पुढच्या सीटसमोर जो कप्पा असतो, त्याला ग्लव्ह बॉक्स म्हणतात. म्हणजे मोज्यांचा कप्पा. आता त्यात कागदपत्रं आणि गोळ्या-बिस्किटं असतात, ते सोडा.

आपल्याकडे गरज वेगळी. मे महिन्यात ट्रॅक्टर दुपारभर बांधावर उभा राहिला की काळं स्टिअरिंग तव्यासारखं तापतं. नांगरटीच्या वेळी तळहाताला इतका घाम येतो की चाक हातातून सरकतं. पहाटेच्या थंडीत बोटं आखडतात. खुरपणीने, कांदा काढणीने आधीच भेगा पडलेल्या हाताला तर ते खरखरीत चाक नकोसं होतं. अशा वेळी मोजे घालावेत, खुशाल घालावेत. मात्र साधे उपायही आहेत. उभ्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर एक जुनं कापड टाकलं तर ते तेवढं तापत नाही. आणि स्टिअरिंगला ग्रीस-तेल लागलं असेल तर आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. तेलकट चाकावर कुठलाच मोजा धरत नाही.

ट्रॅक्टरच्या हादऱ्याने हाताला मुंग्या येतात, त्यावर मोजे औषध आहेत असं समजू नका. साध्या मोज्यांनी त्यात फारसा फरक पडत नाही. मूठ जरा सैल धरा, मधे मधे थांबून हात झटका.

आता मोजे कसले घ्यायचे? नुसते सुती, गुळगुळीत मोजे प्लॅस्टिकच्या स्टिअरिंगवरून घसरतात, ते नकोत. तळव्याला रबराचे ठिपके असलेले विणलेले मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते चालतात. पातळ कातड्याचे मिळाले तर अधिक चांगले, पण पावसात भिजून वाळले की ते कडक होतात. भांडी घासायचे रबरी मोजे नकोत, आत घामाचं तळं होतं. दुकानात बहुतेक माप पुरुषांच्या हाताचं असतं. मग बोटाच्या टोकाला रिकामी चुणी राहते आणि लिव्हर ओढताना नेमकी तीच आड येते. म्हणून घालून बघा, मूठ आवळा, किल्ली उचलून बघा. किल्ली उचलता आली नाही, तर तो मोजा आपला नव्हे.

आता नीट ऐका. मोजे चालवताना घालायचे, यंत्राजवळ जाताना काढायचे. ट्रॅक्टरच्या मागे पीटीओचा शाफ्ट असतो, ज्याच्यावर रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र चालतं. तो साधारणपणे मिनिटाला 540 फेरे फिरतो. म्हणजे सेकंदाला 9. हात मागे घ्यावा हे मनात येईपर्यंत त्याचे चार-पाच फेरे झालेले असतात. मोज्याचं एक टोक, एक सुटा दोरा त्यात अडकला, तर तो मोजा गुंडाळत नेतो आणि त्याच्याबरोबर हातही. पदराचं, ओढणीचं, स्कार्फचं, सुटलेल्या वेणीचं तेच. "मोजे आहेत हातात, काही होत नाही," असं म्हणून अडकलेलं कणीस काढायला कुणी हात घालत असेल, तर तिला तिथेच अडवा. ती सासूबाई असली तरी अडवा! मोजा नसला तरी फिरत्या यंत्रात हात घालायचा नाहीच. आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, किल्ली काढून खिशात किंवा कमरेला, शाफ्ट पूर्ण थांबलेला डोळ्यांनी बघायचा, आणि मगच जवळ जायचं. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर "अडचण होते" म्हणून काढून ठेवलेलं असेल, तर ते आजच बसवून घ्या. आम्ही सीटच्या मागे एक कापडी पिशवी बांधली आहे. खाली उतरायचं म्हटलं की मोजे पिशवीत.

स्कूटीवाल्या मुलींसाठी एवढंच. उन्हासाठी घालता ते लांब सुती मोजे हँडलच्या मुठीवर घसरतात आणि ब्रेक नीट आवळता येत नाही. तळव्याला पकड असलेले घ्या. आणि मोज्यांच्या आधी हेल्मेट.

शेवटचा मुद्दा फवारणीचा. औषध कालवताना वापरलेले मोजे घालून कधीही ट्रॅक्टरवर बसू नका. विष मोज्यावरून स्टिअरिंगला लागतं आणि दुसऱ्या दिवशी उघड्या हाताने चालवणारीच्या हाताला. तिथून भाकरीला. कातडी आणि सुती मोज्यांत औषध मुरतं, ते धुऊनही पुरतं निघत नाही. म्हणून फवारणीचे मोजे वेगळे ठेवा, न झिरपणारे, नायट्राइलचे. काम झालं की ते हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा, आणि काढल्यावर हात पुन्हा धुवा. आमच्याकडे त्या मोज्यांची पिशवी लाल आहे आणि ती ट्रॅक्टरवर कधीच चढत नाही.