प्रश्न उद्भवत नाही

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कविता वाचणार नाही. क्रांतीवरही बोलणार नाही. गुरांच्या रोगावर बोलणार आहे, आणि त्या रोगावर सरकारनं दिलेल्या उत्तरांवर. हसू नका. झोपडपट्टीत, चाळीत, बीडीडीत वाढलेल्या पोरांना वाटेल, आपला गुराढोरांशी संबंध काय? आपल्या आज्यानं गावाला लाथ मारली ती मेलेलं ढोर ओढायला लागू नये म्हणूनच ना? मग आता परत तेच कशाला उकरायचं? उकरायचं एवढ्यासाठी, की आपण गाव सोडला पण गावानं आपल्या माणसाला अजून सोडलेलं नाही. आणि सरकार नावाची जी चीज आहे ती गावगाड्याचीच भाषा बोलते, फक्त शुद्ध मराठीत आणि सहीशिक्क्यानिशी.

विधिमंडळातली प्रश्नोत्तरं तुम्ही कधी वाचलीत का? नसतील तर वाचा. कादंबरीपेक्षा भारी असतात. आमदार विचारतो : अमुक जिल्ह्यात जनावरांवर रोग आला, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली मंत्र्याचं उत्तर : होय, हे खरे आहे. किंवा, अंशतः खरे आहे. मग दोनचार आकडे, एखाद्या शासन निर्णयाची तारीख, आणि शेवटच्या प्रश्नापुढं ठरलेले तीन शब्द : प्रश्न उद्भवत नाही.

हे तीन शब्द नीट ऐका. कागदावर ते साधे आहेत. कार्यवाही केली, तेव्हा विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. पण मला विचाराल तर या राज्याची सगळी राज्यघटना आपल्या वस्तीच्या वेशीवर आली की त्याच तीन शब्दांत आटोपते. माणूस उद्भवतो, पोटात भूक उद्भवते, पाठीवर वळ उद्भवतात. प्रश्न मात्र उद्भवत नाही.

आता रोगाचं घेऊ. लम्पी. गुराच्या अंगावर गाठी येतात, ताप येतो, पाय सुजतात, दूध आटतं, गाभण गाय गाभडते. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत हा विषाणू या गुरातून त्या गुरात जातो. माणसाला तो होत नाही. भारतात तो पहिल्यांदा दिसला २०१९ साली, ओडिशात. आपल्याकडं मोठी साथ आली २०२२च्या ऑगस्टमध्ये, जळगाव जिल्ह्यातून. त्या एका वर्षात देशभर दीड लाखांवर गुरं मेली, त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या राजस्थानात. २०१९ला रोग घरात शिरला आणि या रोगावरची देशी लस जाहीर झाली ऑगस्ट २०२२मध्ये. तोवर शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचून काम भागवलं. ती लस कामाची होती, नाही म्हणत नाही. पण तीन वर्षं काय करत होता, असं विचारलं तर काय उत्तर येईल ते आता तुम्हाला पाठ झालं असेल.

आणि सरकारला जमत नाही असं नाही, बरं का. बुळकांडी नावाचा रोग होता. आपल्या आजीला विचारा, त्या नावानं गावं थरथरायची. तो रोग या देशातून गेला. २००६ला भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ला अख्खं जग. गावोगाव लस टोचून, वर्षानुवर्षं पाळत ठेवून तो घालवला. म्हणजे राज्ययंत्रणेनं मनावर घेतलं तर ती गोठ्यागोठ्यापर्यंत पोचते. प्रश्न असा आहे की ती कुणाच्या गोठ्यापर्यंत पोचते आणि कुणाच्या दारावरून पुढं जाते.

२०२२ला महाराष्ट्र सरकारनं भरपाई जाहीर केली. गाय मेली तर ३० हजार, बैल मेला तर २५ हजार, वासरू मेलं तर १६ हजार. चांगली गोष्ट. ज्याची गाय मेली त्याला पैसे मिळालेच पाहिजेत, मग तो कुठल्याही जातीचा असो. शेतकऱ्याच्या दुःखाशी आपलं भांडण नाही. १९७३च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित शब्दाची व्याख्या केली तेव्हा भूमिहीन शेतमजूर आणि गरीब शेतकरी त्यात धरला होता, हे विसरू नका. भांडण आहे ते मोजणीशी. उत्तरात काय येतं? इतकी जनावरं बाधित, इतकी बरी झाली, इतकी मेली, इतक्या लसमात्रा, इतके पशुपालक, इतके कोटी वाटप. जनावर मोजलं, मालक मोजला, लस मोजली. मी जी उत्तरं वाचली त्यांत तीन रकाने मला कुठं सापडले नाहीत. ते तीन रकाने म्हणजेच आजचं माझं भाषण.

पहिला रकाना : ज्याच्याकडं जनावर आहे पण जमीन नाही, त्याचं काय झालं? आपल्या वस्तीतली विधवा बाई एक गाय पाळते. बांधाबांधानं गवत कापते. त्या गाईच्या दुधावर पोरीची फी भरते. साथीत बाजार बंद झाले, गुरांची नेआण बंद झाली. कायद्यानं ते बरोबरच होतं. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९चा कायदा आहे, त्यात सरकारला तो अधिकार आहे. पण ज्याच्या शेतात कडबा आहे त्यानं गाय दावणीला बांधून महिना काढला. जिचा गोठा म्हणजे रस्त्याची कड, तिनं गाय कुठं बांधायची? आणि गाय मेलीच तर पंचनामा लागतो, कागद लागतो, साहेब वेळेवर यावा लागतो. बड्या बागायतदाराच्या वाड्यावर साहेबाची फटफटी दिवस उगवायच्या आत लागते. वस्तीत येईस्तोवर मढं फुगलेलं असतं. आता तर जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला मारतात. म्हणजे गुरालाही आधार क्रमांक आला. तो बिल्ला आपल्या वस्तीतल्या किती गुरांच्या कानात आहे? रकानाच नाही. प्रश्न उद्भवत नाही.

दुसरा रकाना : मेलेलं जनावर कोणी ओढलं? सरकारी सूचना सांगतात, खोल खड्डा खणा, चुना टाका, मढं पुरा. व्याकरण बघा साल्यांचं. खणा, टाका, पुरा. कर्ताच नाही वाक्यात! कर्ता गावाला ठाऊक असतो, म्हणून लिहावा लागत नाही. १९२७च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका. लोकांनी ते ऐकलं आणि त्यापायी गावोगाव बहिष्कार सोसला. १५ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की कुणी एकानं 'केसरी'त हिशेब मांडला होता, ढोरं ओढणं सोडल्यामुळं महारांचं कातड्याशिंगांचं किती उत्पन्न बुडतं त्याचा. बाबासाहेबांचं उत्तर साधं होतं : एवढा फायदा आहे ना, मग तुम्ही ओढा, वरून पैसे मी देतो. कोणी पुढं आलं नाही. शंभर वर्षं होत आली, अजून कोणी पुढं आलेलं नाही.

उना आठवा. जुलै २०१६. मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं आणि त्याचं चित्रण मिरवलं. तेव्हा गुजरातमधल्या आपल्या माणसांनी मेलेली गुरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची आई आहे ना, मग तुम्हीच पुरा! महाडचं उत्तर होतं ते, एकोणनव्वद वर्षांनी. आता साथीत हजारो मढी पडली, ती पुरली कोणी? त्याच्या हातात मोजे होते का? मजुरी किती मिळाली, कोणत्या खात्यातून? आणि तो कोणत्या जातीचा? गाय मेली तर तीस हजार. गाय पुरणाऱ्याला किती? रकाना नाही. प्रश्न उद्भवत नाही.

तिसरा रकाना : जनावर चारायचं कुठं? गायरानावर. आणि गायरान म्हटलं की आपला इतिहास उभा राहतो. महार वतन गेलं १९५८च्या कायद्यानं. त्याआधी तीस वर्षं, १९२८ला, बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडलं होतं. वतनाची गुलामी गेली, पण जमीन हातात आली नाही. म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ला आणि १९६४ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. बायाबापड्या लेकरं काखोटीला मारून तुरुंगात गेल्या. पडीक जमिनी आणि गायरानं आपल्या माणसांनी नखांनी उकरून कसली. १९९१च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं निर्णय काढला, की १४ एप्रिल १९९०पर्यंतची शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमानुकूल करायची. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. किती जणांचा सातबारा झाला? कित्येक गावांत लोक अजून त्या कागदामागं तालुक्याला चकरा मारतायत.

आणि योगायोग बघा. २०२२ला इकडं लम्पीची साथ चालू, तिकडं त्याच साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं वर्षाअखेरपर्यंत काढायला सांगितली. आकडा होता सुमारे २ लाख २२ हजारांचा. नोटिसा निघाल्या. त्या ढिगाऱ्यात गावच्या पुढाऱ्याचं मंगल कार्यालय आणि आपल्या बाईची पत्र्याची खोली एकाच शब्दात बसली : अतिक्रमण. सार्वजनिक जमिनींबाबत सुप्रीम कोर्टाचा २०११चा जगपालसिंग निकाल सगळे उगारतात. पण सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जातीजमातींना भाडेपट्ट्यानं दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून नियमित करता येतील, असं त्याच निकालात लिहिलंय. ती ओळ कोणी वाचून दाखवत नाही. आपण वाचून दाखवायची.

आता गंमत ऐका. ३० सप्टेंबर २०२४ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईला रोजी ५० रुपये अनुदान ठरवलं. म्हणजे तीच गाय गोशाळेत उभी राहिली तर तिला रोजचे पन्नास. भूमिहीनाच्या दारात उभी राहिली तर शून्य. २०१५च्या कायद्यानं बैलही कापायला बंदी, म्हणजे म्हातारा बैल विकून नवा घ्यायची गरिबाची वाट बंद. बैल पोसायचा त्यानं, पुण्य दुसऱ्याचं. अनुसूचित जातींना दुधाळ जनावरं ७५ टक्के अनुदानावर द्यायची योजना आहे, कबूल. पण उरलेले २५ टक्के कुठून आणायचे आणि जनावर चारायचं कोणत्या रानात? गाय देतात, गवत देत नाहीत. दादासाहेबांच्या नावानं २००४पासून योजना आहे, भूमिहीनाला चार एकर जिरायत नाहीतर दोन एकर बागायत. पण विकणारा पाहिजे ना! आपल्याला शेजारी म्हणून जमीन विकायला गावात कोण तयार होतो?

तर मित्रांनो, मुद्दा एवढाच. सरकारी उत्तर बहुतेक वेळा खोटं नसतं. ते प्रश्नाएवढंच असतं. बागायतदाराचा आमदार बागायतदाराचा प्रश्न विचारतो, त्याला उत्तर मिळतं. आपला प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून तो उद्भवत नाही. राखीव जागेवरून गेलेले आपले आमदार काय विचारतात ते तुम्हीच तपासा. प्रश्नोत्तरं छापील असतात, लपवता येत नाहीत.

बाबासाहेब कौन्सिलात गेले ते नुसते बसायला नाही. वतनाचं बिल आणलं, १९३७ला खोती मोडायचं बिल आणलं आणि १९३८च्या जानेवारीत कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. आत प्रश्न आणि बाहेर मोर्चा. नुसता मोर्चा नेला तर ते निवेदन घेतात आणि फायलीत पुरतात. नुसता प्रश्न विचारला तर तीन शब्दांत वाटेला लावतात. दोन्ही हात चालले पाहिजेत.

तुम्ही शिकलेली पोरं आहात, शहरात आहात, टायपिंग येतं, कचेरीला भीत नाही. मग हे करा. तुमच्या मूळ गावच्या तालुक्याला माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. २००५चा कायदा आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. 'का' असं विचारू नका, का विचारलं की ते हात झटकतात. कागद मागा. साथीतल्या पंचनाम्यांच्या प्रती द्या. भरपाईची यादी द्या, प्रवर्गासह. मढी पुरण्यावर झालेल्या खर्चाची व्हाउचरं द्या, मजुरांच्या नावांसह. लस टोचल्याचं वस्तीनिहाय रजिस्टर द्या. १९९१च्या निर्णयाखाली आलेले अर्ज आणि त्यावरचे आदेश द्या. उत्तर नाही आलं तर अपील करा. आलं तर गावात नेऊन चावडीपुढं मोठ्यानं वाचा. मग तेच कागद आपल्या आमदाराच्या टेबलावर आपटा आणि म्हणा, आता सभागृहात विचार, नाहीतर पुढच्या वेळी आमच्या वस्तीत मत मागायला येऊ नको.

अर्ज टाकला म्हणजे क्रांती झाली असं मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी शंभर गावांतून एकच प्रश्न जाईल, मढं कोणी ओढलं, त्या दिवशी त्या वाक्यात कर्ता लिहावा लागेल. आणि कर्ता एकदा कागदावर आला की त्याची मजुरी, त्याचे मोजे, त्याची जमीन आणि त्याचा नकार, सगळंच मागोमाग येतं.

प्रश्न आपोआप उद्भवत नसतो. तो उभा करावा लागतो. उठा, करा.

जयभीम.