पंप उघडण्याआधी डिझेल बघा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला इथं पुष्कळ जण बसले आहेत. आम्ही आज तो कापूस वाहून नेणाऱ्या गाडीवर बोलणार आहोत.

चार-सहा जणांनी पैसे घालून घेतलेल्या जुन्या गाड्या आपल्याकडे गावोगाव आहेत. हंगामात भाड्याच्या गाडीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये, म्हणून घेतलेल्या. आणि ऐन वेचणीत हीच गाडी दगा देते. भरून निघाली की चढावर दम टाकते. बाजार समितीच्या फाटकाशी एक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडते. मागे रांग ओरडते, पुढे लिलाव उरकतो. दुसऱ्या दिवशी भाव उतरला तर तो तोटा कोणाच्या खात्यावर लिहायचा?

गॅरेजात नेली की उत्तर ठरलेलं: 'पंप-नोझलचं काम आहे.' पंप उतरतो, शहरात जातो, हजारोंचं बिल होतं, चार दिवस मोडतात. कधी ते खरंच असतं. पण पुष्कळदा पंप ठणठणीत असतो आणि बिचाऱ्याला डिझेलच पुरत नसतं.

आम्ही शेतकी शिकलेले. पण रोग ओळखायची रीत वावरात आणि गाडीत एकच. कपाशी लाल पडली की कुणीतरी कीटकनाशकाची बाटली पुढे करतो. लाल्या बहुतेक वेळा नत्र नि मॅग्नेशियम कमी पडल्यानं, पाण्याच्या ताणानं, थंडीनं येतो. त्याला बाटली काय करणार? झाडाला पोचतंय काय, हे आधी बघायचं असतं.

एक खुलासा. हे सारं जुन्या, साध्या लाइन पंपाच्या गाड्यांबद्दल आहे. पंपावर मायको लिहिलेलं असतं त्या. (कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, मिस्त्री अजून मायकोच म्हणतात.) नव्या कॉमन रेल गाडीच्या नळ्यांत हजाराच्या वर बार दाब असतो. तिथं पाना लावू नका.

आता दोन्ही तक्रारी एकत्र का येतात? टाकीतून डिझेल ओढतो तो फीड पंप. इंजिन हळू फिरतं तेव्हा तोही हळू फिरतो, ओढ कमी पडते, आणि नळीत शिरलेला हवेचा एवढासा बुडबुडा इंजिन मारतो. भरल्या गाडीत चढावर मागणी वाढते, तेव्हा अर्धवट चोंदलेल्या फिल्टरातून तेवढं डिझेल येत नाही. म्हणून 'स्लो वाढवून देतो' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. स्क्रू पिळला की गाडी फाटकाशी बंद पडणार नाही, पण दुखणं झाकलं जाईल आणि डिझेल जास्त जाळाल.

धूर बघा. ताकद नाही आणि धूरही नाही, तर डिझेल पोचत नाही असं धरून चाला. काळा धूर असेल तर हवा कमी पडतेय, नाहीतर नोझल गळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो खर्च वेगळा.

बिनखर्चाची परीक्षा अशी. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या, गाळलेलं डिझेल भरा, पंपापेक्षा उंच जागी घट्ट बांधा, सायलेन्सरच्या नळीपासून लांब. टाकीकडून फीड पंपात येणारी नळी सोडून तिथं डब्याची नळी जोडा. हातपंप मारून फिल्टरच्या स्क्रूतून हवा काढा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग गाडी जागेवरच पंधरा-वीस मिनिटं स्लोवर चालवा. जास्तीचं डिझेल परत टाकीत जातं, म्हणून डब्यावर लक्ष ठेवा. डबा बांधून रस्त्यावर जायचं नाही, आणि जवळ बिडी नको.

डब्यावर गाडी नीट चालली, तर दोष टाकीत किंवा टाकीकडच्या नळीत. हे नीट समजून घ्या, कारण इथंच लोक फसतात. फीड पंपाच्या पुढे फट असेल तर डिझेल बाहेर गळतं, डोळ्याला दिसतं. फीड पंपाच्या मागे फट असेल तर काहीच गळत नाही, नळी हवा आत ओढते. कोरडी दिसणारी नळीच चोर असते. तिथं वीतभर पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे पळताना दिसतात. जुने वॉशर पुन्हा वापरू नका, दोन-चार रुपयांसाठी हंगाम घालवू नका. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. तळात पाणी साचलं असेल तर त्यात शेवाळासारखा काळा चिकट थर धरतो आणि जाळी बुजवतो. ड्रममध्ये डिझेल साठवणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर तळ काढून टाकावा.

डब्यावरही गाडी मेली, तर दोष पुढे. हातपंपाची मूठ पुरती आवळली आहे का? सैल राहिली तर तिथूनच हवा जाते. तिच्याखालच्या वाटीतली जाळी धुवा. कापडी फिल्टर डिझेलमध्ये धुता येतो, कागदी बदलायचाच. फीड पंपाचे दोन छोटे व्हॉल्व्ह कचऱ्यानं अडकतात, तेही साफ करा.

एवढ्यानंतरही चढावर जोर नसेल तर एकानं पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्यानं पंपाचा दांडा शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघावं. केबल ताणली असली तर टेकत नाही. एअर क्लीनर उघडा. जिनिंगच्या आवारातली रुई आणि कडब्याचा भुसा त्यात किती बसतो ते पाहून थक्क व्हाल. ड्रमला हात जवळ नेऊन बघा, ब्रेक धरून गाडी ओढत असेल तर चटका बसेल.

हे सगळं झालं तरच पंप उतरवा. नोझलमधून सुमारे २०० बार दाबानं डिझेल सुटतं, ती धार कातडीत शिरते. सुटलेल्या नळीपुढे हात धरू नका. शहरात पंप द्याल तेव्हा काढलेले जुने भाग परत मागा, आणि कोणत्या सिलिंडरला किती डिझेल पडतं त्याचा कागद लिहून घ्या. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही. कागद द्यायला नाही म्हणेल त्याच्याकडे पंप देऊ नका.

मंडपामागं एक गाडी उभी आहे, डबा नि नळी तयार आहे. चहा झाला की प्रत्येक गावचे दोन-दोन तरुण तिकडे या, पाने बरोबर आणा.