बारा माणसे, एक वाटाड्या



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, डॉक्टर बोलले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते जिनिंगमधल्या रुईच्या ढिगाशेजारी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'प्रवास' असे सांगितले. ते ऐकून आमचा एक हमाल बंधू मला म्हणाला, "भाऊ, मजुरीच्या दरावर बोलाचं सोडून सहलीवर काहून बोलता जी?" त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला जे उत्तर द्यावयाचे, तेच आजचे माझे भाषण आहे असे समजा.

हल्ली वर्तमानपत्रांत एका नव्या तऱ्हेच्या प्रवासाच्या जाहिराती येतात. मोठी बस नाही, चाळीस माणसांची धावपळ नाही. दहाबारा माणसांचा लहान गट, सोबत एक जाणकार मार्गदर्शक, चार जुनी शहरे, दोन डोंगरातली गावे, आणि पाहावयास भरपूर वेळ. कल्पना उत्तम आहे, फक्त तिच्याखाली छापलेला आकडा आपल्यासाठी नसतो. तो वाचला की आपला माणूस पान उलटतो आणि मनाशी म्हणतो, हे काही आपले काम नव्हे. माझे भांडण त्या आकड्याशी नाही. 'हे आपले काम नव्हे' या समजुतीशी आहे.

या धंद्याचा इतिहास पाहा. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत एक आगगाडी ठरविली आणि सुमारे पाचशे माणसे एकेका शिलिंगात नेऊन आणली. कुक हा दारूबंदीचा प्रचारक. कष्टकरी माणूस सुटीच्या दिवशी गुत्त्यावर न जाता दुसरे काही पाहील, ही त्याची खटपट होती. पुढे त्याच्या नावाची मोठी कंपनी झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचे बी पेरले गेले ते सामान्य माणसाच्या सुटीत.

दुसरी गोष्ट १९३६ सालची. त्या वर्षी फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. सोबत सवलतीचे रेल्वेचे तिकीटही मिळाले. जन्मभर गिरणीच्या भोंग्यावर उठलेली हजारो कुटुंबे त्या उन्हाळ्यात प्रथमच समुद्र पाहावयास निघाली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसाव्या कलमात विश्रांतीचा आणि पगारी रजेचा हक्क लिहिला गेला. त्याच वर्षी आपल्याकडे कारखाने कायदा झाला. वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगारास वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा, असा त्याचा नियम पुढे झाला. २०२० च्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली गेली.

कागदावर हे सर्व आहे. मग आमचा कामगार ती रजा कशात घालवितो? सोयऱ्याच्या लग्नात, तेराव्यात, पेरणीत, किंवा ती विकून पोराच्या फीमध्ये. संत्र्याच्या तोडीवर जाणाऱ्या मजुरास आणि तेंदूपाने वेचणाऱ्या बाईस तर रजा हा शब्दच लागू होत नाही. त्यांना असतो तो खाडा. तेव्हा रजा मागणे हे जसे संघटनेचे काम, तसेच त्या रजेचे करावयाचे काय याचा विचार करणे हेही संघटनेचेच काम आहे. नुसती झोप काढली तर शरीर उद्याच्या पाळीसाठी तयार होते. ती रजा मालकाच्याच उपयोगाची झाली. माणूस म्हणून आपल्याला काय मिळाले, हा प्रश्न उरतोच.

कोणी म्हणेल, ही सारी विलायती उदाहरणे. तर मग आपल्या तालुक्यातलेच देतो. आपल्या रिद्धपुरास तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहत होते. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य येथे जमले, आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करावयास घेतल्या. ज्याने जे पाहिले, ज्याने जे ऐकले, त्याच्याकडून ते विचारून घेऊन लीळाचरित्र सिद्ध झाले. स्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची पुढे 'स्थानपोथी' झाली. कोणते देऊळ कोणत्या तोंडाचे, त्याच्या कोणत्या बाजूस काय, हे त्यात बारकाईने नोंदविले आहे. ती चौदाव्या शतकातली मानतात. भाविक त्या आधारे स्थाने वंदावयास जात. तेव्हा जाणत्या सोबत्याबरोबर लहान मेळ्याने जागा पाहत जाणे ही विद्या मराठी माणसास सातशे वर्षांपासून येते. आणि पंढरीच्या वाटेवरची दिंडी ती तरी दुसरे काय? तिच्यात विणेकरी आहे, चोपदार आहे, शिस्त आहे, आणि एकमेकांची भाकर आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बारा जणांनी हा प्रयोग केला. वर्षभर दरमहा शंभर रुपये एका डब्यात टाकले. गटात जिनिंगचे हमाल होते, संत्री भरणाऱ्या दोन बाया होत्या, एक अंगणवाडी सेविका, एक एस. टी.चा वाहक आणि एक गवंडी. वाटाड्या म्हणून एक निवृत्त गुरुजी. तीन दिवस आणि दोन रात्री. मोर्शीहून रिद्धपूर, तेथून चांदूरबाजारवरून अचलपूर, मग मुक्तागिरी, चिखलदरा आणि गाविलगड. सारे घरापासून एका दिवसात पोहोचण्याजोगे. तरीही बारांपैकी सात जणांनी गाविलगड कधी पाहिला नव्हता.

रिद्धपुरास गुरुजींनी महदाइसेची गोष्ट सांगितली. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिला मानतात तिने धवळे रचले ते येथेच, गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या सोहळ्यासाठी. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. हे ऐकताच आमच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. आपण हळदीच्या रात्री जे गातो त्याच्या कुळात वाङ्मय आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांना पाणी मिळावे म्हणून विहिरीची जागा दाखवून दिल्याची लीळा आहे, तीही गुरुजींनी तेथेच सांगितली. त्याच गावी आता मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले आहे. ज्या गावात लोकांच्या तोंडच्या आठवणींतून ग्रंथ झाला, तेथे विद्यापीठ होणे उचितच आहे.

अचलपुरास दुसरा धडा मिळाला. आपण समजतो की एलिचपूर हे नाव परक्यांनी बिघडविले. परंतु बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात नियमच दिला आहे, की 'अचलपूर' या शब्दात च आणि ल यांची अदलाबदल होते. म्हणजे अलचपूर हे आठशे वर्षांपूर्वीही लोकांच्या जिभेवर होते. पंडिताने ते हसण्यावारी नेले नाही, नोंदवून ठेवले. याच शहरातून १४९० पासून १५७४ पर्यंत इमादशाहीने वऱ्हाडावर राज्य केले. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरकडचा, हिंदू घरात जन्मलेला. वेशी, तट, दर्गे, देवळे आणि बाजार येथे एकाच्या पाठीला पाठ लावून उभे आहेत.

गावाबाहेरच्या हौज कटोऱ्यापाशी, त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली, गुरुजी सुलतानांच्या गोष्टी सांगत होते. आमचा गवंडी मात्र वर पाहत होता. तो म्हणाला, "गुरुजी, थांबा जरा. हे डाट पाहा. मंधातला दगड काढला तं सारं खाली येते. ज्यानं हे बसवलं त्याले खाली लाकडाचा साचा लावा लागला असन, अन् तो काढताना त्याचा जीव मुठीत असन." मग तो अर्धा तास बोलला आणि गुरुजी ऐकत राहिले. बंधूंनो, लहान गटाचे सारे मर्म येथे आहे. चाळीस माणसांच्या बसमध्ये वाटाड्या घड्याळ पाहून बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. बारा माणसांत पाहणाराही दाखवू लागतो. राजाचे नाव गुरुजींना ठाऊक होते, पण बांधणाऱ्याच्या हाताची खबर गवंड्यालाच होती. दोघे मिळून इतिहास पुरा झाला.

अचलपूर हे गिरणीचेही गाव आहे. तेथली जुनी विदर्भ मिल बंद पडली. पुढे मुंबईची फिनले मिल तेथे नव्याने उभी राहिली, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिचेही माग थांबले. मूर्तिजापुराहून येणारी अरुंद रुळांची शकुंतला, जिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, तीही थांबली. पर्यटनाच्या पुस्तकात हौज कटोरा असतो, गिरणीचे फाटक नसते. आम्ही ते फाटकही स्थान म्हणून पाहिले. जुने वैभव पाहावयास जाणाऱ्याने परवाचे ओसाडपणही पाहिले पाहिजे.

मुक्तागिरी आता मध्य प्रदेशात मोडते, पण तिची वाट परतवाड्यावरूनच. डोंगराच्या कुशीत जैनांची बावन्न देवळे आणि मधून कोसळणारा धबधबा. त्या पायऱ्या चढताना संत्री भरणारी आमची बाई एवढेच म्हणाली, "हा एकेक दगड कोणाच्या तरी डोक्यावरूनच वर आला असन."

चिखलदऱ्यास एक कोरकू तरुण आम्हांस वाटाड्या म्हणून मिळाला. पुस्तकात लिहिलेले असते की १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचा शोध लावला. कोरकू आणि गवळी तेथे आधीपासून होते; गाविलगडाच्या नावातच गवळी आहे. शोध लागला तो साहेबापुरता. 'कोरकू' या शब्दाचा अर्थच मुळी 'माणसे'. त्यांची बोली मराठीच्या कुळातली नव्हे, ती झारखंडातल्या मुंडारी आणि संथालीच्या कुळातली, असे गुरुजींनी सांगितले तेव्हा तो तरुण थबकला आणि म्हणाला, "मग ते आमचे सोयरे झाले की, काका!" त्याने आम्हांला वनस्पतींची नावे शिकविली, आम्ही त्याला त्याचे दूरचे गोत सांगितले. व्यवहार बरोबरीचा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानेच गाविलगड दाखविला. १४२५ च्या सुमारास बहमनी अहमदशहाने बांधून काढलेला हा गड. दिल्ली दरवाजावर सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरला आहे. विजयनगरच्या या खुणेचा संबंध अभ्यासक इमादशाहीच्या संस्थापकाशी लावतात. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच वेलस्ली. पण उत्तरेच्या बाजूने तोफा आणण्यासाठी डोंगरांतून जवळजवळ तीस मैल वाट फोडावी लागली, आणि त्या तोफा माणसांनी हातांनी ओढून नेल्या. आमच्यातल्या हमालाने विचारले, "ओढणाऱ्यायचं नाव लिवलं हाय का कुठी?" मला वाटते, त्या तटावर हाच खरा प्रश्न होता. तो विचारण्यासाठी तिथवर जावे लागते, आणि तो विचारण्याची भीड वाटू नये इतका गट लहान असावा लागतो.

आता एक कटू गोष्ट. आपण प्रवासाला गेलो की आपण काही वेळापुरते मालक होतो. गाडीचा चालक रात्री गाडीतच आखडून झोपतो. वाटाड्यास ठरलेली मजुरी नसते. मर्जीने हातावर काही ठेवले तर ठेवले. कोरकू पाड्यावर जाऊन "नाचून दाखवा" म्हणणारे पाहुणेही असतात. आपण घामाचे दाम मागणारी माणसे. आपण तरी असे वागू नये. आमच्या गटाने निघण्यापूर्वीच ठरविले होते: चालक आमच्याच पंगतीत जेवेल आणि आमच्याच खोलीत झोपेल, वाटाड्याचा रोज आधी ठरेल आणि तो तालुक्यातल्या मजुरीपेक्षा कमी नसेल, विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र घ्यावयाचे नाही. तिन्ही ठराव पाळले गेले. खर्च थोडा वाढला, तो बारांत वाटला गेला.

"दगड पाहून पोट भरते काय?" असे विचारणारे आहेत. नाही भरत. परंतु ज्याला आपल्या मुलखाची जुनी गोष्ट ठाऊक नाही, त्याला कोणीही येऊन कोणतीही गोष्ट सांगू शकतो. आज तर गोष्टी सांगणारे फार झाले आहेत; एका गड्याने दुसऱ्याच्या दाराकडे वाकडे पाहावे यासाठीच पुष्कळ इतिहास रचले जातात. जो अचलपूरच्या वेशीखालून स्वतः गेला आहे, ज्याने दर्गा आणि देऊळ एका सावलीत पाहिले आहे, त्याला फसविणे कठीण जाते. आमच्या हमाल बंधूस माझे उत्तर हे: मजुरीच्या दरासाठी बोलणी करावयास आपण बसतो तेव्हा समोरचा आपल्याला नुसते हात समजतो. ते हात कोणी काय काय उभे केले हे जाणून बसले, तर बोलणी वेगळ्या आवाजात होते.

म्हणून माझी सूचना छोटी आणि व्यवहाराची आहे. मोर्शीतल्या प्रत्येक संघटनेने, प्रत्येक बचत गटाने एक डबा ठेवावा. बारा माणसे जमली की वर्षाअखेर निघावे. पहिली वाट रिद्धपूर ते गाविलगड. पुढल्या वर्षी सालबर्डीची लेणी, त्यापुढे कौंडिण्यपूर, बाळापूर, नरनाळा. वाचनालयाने त्या त्या ठिकाणाची चार पुस्तके एका पेटीत काढून द्यावीत. गुरुजींसारखे जाणते या गावात पुष्कळ आहेत, त्यांनी आपले तीन दिवस द्यावेत. आणि परत आल्यावर प्रत्येकाने आपण पाहिलेली एक गोष्ट एका वहीत लिहावी. लिहिता येत नसेल त्याने सांगावी, दुसऱ्याने लिहून घ्यावी. म्हाइंभटांनी हेच केले होते.

आमची वही वाचनालयात ठेवली आहे. तीत गवंड्याने सांगितलेल्या डाटेची चार पाने आहेत. ज्यांना पुढल्या फेरीस यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर मागच्या बाकावर नाव द्यावे. जागा बाराच आहेत.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.