कॉम्प्युटर बंद पडला, आधी वही उघडा



आज शेळीपालन नाही, शिवणकाम नाही. आज आम्ही बोलणार आहोत आमच्या कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. तुमच्या ग्रामसंघातही टेबलाखाली असा एखादा डबा असेल, म्हणून हे सांगतो आहोत.

आमचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून जोडलेला आहे. असेंबल्ड म्हणतात तो. वय १२ वर्षं. विसापूर, बामणी, कोठारीकडच्या गटांची बचत, कर्ज, हप्ते सगळं त्यात. मागच्या एप्रिलच्या शेवटी तो काम चालू असतानाच बंद पडायला लागला. नेमकी तेव्हाच दोन गटांच्या कर्जाची फाईल बँकेत द्यायची होती. पेरणीच्या आधी पैसे हवे होते. भरलेल्या नोंदी तीनदा गेल्या.

इथे आमच्या दोन चुका झाल्या. पहिली, आम्ही बिघाड शोधायचा सोडून माणूस शोधला. कॉम्प्युटरवर बसतात आमच्या हिशेबनीस ताई. "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल," असं आम्ही चार बायांसमोर म्हणालो. त्या दोन दिवस आल्याच नाहीत. दुसरी चूक, अंदाजाने पैसे घातले. एकाने फॉरमॅट करून दिला. आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, मदरबोर्ड गेला, नवाच घ्या.

ताई परत आल्या त्या वही घेऊन. चार रकाने आखले: तारीख आणि वेळ, काय काम चालू होतं, कसा बंद पडला, वीज कशी होती. दोन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या. त्यातल्या ८ वेळा तो दुपारी बारा ते चारच्या मधे बंद पडला, दिवा विझावा तसा एकदम. उरलेल्या ३ वेळा निळा पडदा आला, इंग्रजी अक्षरं आली आणि तो परत सुरू झाला. तेही सकाळ-संध्याकाळ केव्हाही. म्हणजे दुखणी दोन होती आणि आम्ही एकच औषध शोधत होतो.

काहीही उघडण्याआधी सगळे हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मग कॉम्प्युटर बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा.

एकदम विझण्याचं मोठं कारण उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आत प्रोसेसर नावाची चिप असते, तिच्यावर धातूच्या पट्ट्या आणि पंखा. चिप फार तापली की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. आमच्या पट्ट्यांमधे धुळीचा नमदा बसला होता. डबा अंगणात नेला, कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ केला. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते गरगर फिरू देऊ नका. चिप आणि पट्ट्यांच्या मधे एक लेप असतो, तो वाळून गेला होता. तो कारागिराकडून नवा लावून घेतला. डबा भिंतीला चिकटून जमिनीवर होता, तो लाकडी पाटावर मोकळा ठेवला.

पुढच्या दोन आठवड्यांत तो दोनदाच विझला. वही पाहिली, तर दोन्ही वेळा शेजारची मोटार सुरू होताना दिवे मंद झाले होते. मग यूपीएस तपासला. कुठलीही फाईल उघडी न ठेवता यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला. कॉम्प्युटर त्याच क्षणी गेला. बॅटरी संपलेली! ती बदलली आणि विझणं थांबलं. तरीही थांबलं नसतं, तर आत वीज पुरवणारा एसएमएस नावाचा नव्हे, एसएमपीएस नावाचा डबा दुसरा लावून पाहिला असता. तो डबा घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

आता निळा पडदा. पहिला संशय रॅमवर, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या आठवणीच्या पट्टीवर. विंडोजमधे 'मेमरी डायग्नोस्टिक' ही तपासणी फुकट असते. तिने चूक दाखवली. पट्ट्या काढून त्यांचे पिवळे दात खोडरबराने हलके पुसले. तरी चूक येतच होती. मग एका वेळी एकच पट्टी लावून पाहिली. एक चांगली निघाली, एक खराब. खराब काढून टाकली. यंत्र थोडं हळू चालतं, पण चालतं. रॅम ठीक निघाली असती तर पुढचा संशय हार्ड डिस्कवर. तिच्यातून टकटक आवाज आला, तर दुरुस्तीच्या आधी माहिती वाचवा.

मदरबोर्डवर छोटे नळकांडे असतात. त्यांची डोकी फुगलेली दिसली किंवा जळका वास आला, तर हात लावू नका, कारागिराकडे न्या.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलली की वहीत लिहा, दोन-चार दिवस थांबा. गटाचा ताळा जुळला नाही तर आपण सगळी पानं फाडतो का? एकेक नोंद टिक करत जातो. इथेही तसंच.

नवा मदरबोर्ड लागलाच नाही. पण जे हातचं गेलं तेही सांगतो. एका गटाचे पैसे वेळेत आले. दुसऱ्या गटाचे पेरणी झाल्यावर आले. त्या बायांनी बियाणं उधारीवर घेतलं होतं. पहिल्याच दिवशी वही उघडली असती, तर ही वेळ आली नसती.

पुढच्या मासिक सभेत, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच, आम्ही ताईंची माफी मागितली. ती वही आता कॉम्प्युटरशेजारीच असते. तुमच्या कार्यालयातही एक ठेवा.