विद्यापीठाची पायरी



२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून बाबासाहेबांनी सार्वजनिक जागेवरील आपला समान हक्क बजावला. हा वारसा सांगणाऱ्या आम्ही विद्यापीठाच्या पायऱ्यांकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे. जिथे चाकाची खुर्ची पायरीपाशी अडते, तिथे प्रवेश नाकारलेलाच असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट दिली. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी लेखनिकास पात्र परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ दिला. परंतु वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असेल, तर राखीव जागा कागदावरच राहते.

म्हणून आम्ही सुचवितो की, संस्थेच्या सभासदांनी आपापल्या वस्तीतील दिव्यांग मुलामुलींची यादी करावी, प्रमाणपत्र व प्रवेश-अर्जास साहाय्य करावे. विद्यार्थ्यांनी लेखनिक म्हणून नावे नोंदवावीत. रॅम्पसाठी प्राचार्यांना लेखी निवेदन द्यावे. हक्काची मागणी करताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!