जुन्या स्कॉर्पिओचा आवाज: सायलेन्सर बदलण्याआधी

पाचोऱ्याहून बोलतोय. मागच्या भागात टायरवर बोललो होतो, तेव्हा बऱ्याच जणांनी व्हॉइस मेसेज पाठवले आणि निम्म्यांचा प्रश्न एकच होता. "भो, गाडी जुनी झाली, पण आवाज पाहिजे तसा येत नाही. कोणता सायलेन्सर टाकू?" कोणाकडे स्कॉर्पिओ, कोणाकडे सफारी, एकाकडे जिप्सी. म्हणून आजचा सगळा वेळ सायलेन्सरला.

माझं आधी सांगून टाकतो, कारण मी हा प्रकार केलेला आहे आणि त्यात हात पोळलेला आहे. आमच्याकडे २०११ ची स्कॉर्पिओ आहे, एमहॉक इंजिन, एमएच १९ पासिंग. वडिलांनी घेतलेली. तीन वर्षांपूर्वी मला वाटलं, गाडीचा रुबाब आवाजात असतो. एका दुकानात गेलो, त्याने मागचा डबा कापला, सरळ नळा जोडला आणि टोकाला चकचकीत तोटी बसवली. साडेसहा हजार घेतले. पहिल्या दिवशी काय खुश होतो मी! स्टेशन रोडने दोन चकरा मारल्या.

चौथ्या दिवशी घरच्यांना घेऊन शिर्डीला निघालो. चाळीसगाव येईपर्यंत आईने डोकं धरलं. गाडी ऐंशीवर गेली की आत एकसारखं घूं... घूं... घूं. बोलायला ओरडावं लागत होतं. आणि परत आल्यावर शेजारचे काका गेटपाशी उभे. त्यांच्याकडे नातू झालेला, सव्वा महिन्याचा. चिडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "तुनी गाडी उनी का मना नातू जागा व्हस." मला त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर मग चूक कुठे झाली? हे नीट समजून घेऊ, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिली गोष्ट, आवाज येतो कुठून. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो. म्हणजे २,००० आरपीएमला मिनिटाला ४,००० स्फोट, सेकंदाला साधारण ६७. हा ६७ हर्ट्झचा जाड, खालचा सूर. प्रत्येक स्फोटाचा धक्का नळ्यातून लाटेसारखा मागे जातो, आणि डब्याचं काम त्या लाटा मोडायचं.

आता आपल्या बहुतेक जुन्या एसयूव्ही डिझेल टर्बो. टर्बोची चक्री त्याच धक्क्यांवर फिरते, म्हणजे आवाजातली बरीच ताकद टर्बोच खाऊन टाकतो. आणि डिझेलची जी खडखड आपल्याला ऐकू येते, ती बॉनेटखालून येते, नळ्यातून नाही. म्हणून कोणी म्हणाला की "हा सायलेन्सर टाक, व्ही-८ सारखा आवाज येईल", तर त्याला नमस्कार करून निघा. चार सिलिंडरच्या डिझेलचा आवाज जाड करता येतो, स्वच्छ करता येतो. जातच बदलता येत नाही. जिप्सीवाल्या भाऊंचं वेगळं आहे. तिचं इंजिन १.३ लिटरचं पेट्रोल, टर्बो नाही. तिथे सायलेन्सर बदलला की फरक लगेच कळतो, पण बिघडायलाही तेवढाच वेळ लागतो.

दुसरी गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. काही नवीन घेण्याआधी जुनं तपासा. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचा आवाज "फाटका" येत असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी गळती असते. पहाटे, इंजिन गार असताना, गाडी चालू करा. एकाने जाड ओलं फडकं घेऊन मागची तोटी क्षणभर दाबायची, दुसऱ्याने बाजूने कान द्यायचा. फुस्स किंवा टिक-टिक आवाज आला की गळती सापडली. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि स्टड, जाळीचा लवचिक नळा, फ्लँजचे जोड, आणि डब्याची खालची शिवण, जिथे पाणी साचून गंज लागतो. हँगरचे रबरही बघा. रबर सैल झालं की नळा चेसिसला ठोकतो आणि आपल्याला वाटतं सायलेन्सर गेला. इंजिन माउंटिंग बसलं असेल तर तीच गत.

गळती हा फक्त आवाजाचा विषय नाही बरं का. पुढच्या भागात गळती असली तर धूर केबिनमध्ये शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे मे महिन्यात काचा बंद, एसी चालू आणि मागे पोरं झोपलेली. तेव्हा हे काम उद्यावर टाकू नका. माझ्या गाडीचं म्हणाल तर अर्धा बिघाड एका गॅस्केटचा आणि दोन रबरांचा निघाला. हे आधी केलं असतं तर साडेसहा हजार घालायची वेळच आली नसती.

समजा गळती काढली, तरीही तुम्हाला आवाज थोडा भरदार हवा आहे. ठीक आहे, हौस आहे, त्यात वाईट काही नाही. मग डब्याचे प्रकार समजून घ्या.

एक, कंपनीसारखा डबा. आत पडदे आणि उलटसुलट नळ्या असतात, हवा वळसे घेत बाहेर पडते. सगळ्यात शांत. दोन, कप्प्यांचा डबा. आवाज खालचा, घुमणारा येतो, पण केबिनमध्ये घूं होण्याची शक्यता जास्त. तीन, आरपार डबा. आत भोकाचा नळा आणि त्याभोवती काचेचं किंवा स्टीलचं लोकर भरलेलं. हवा सरळ जाते, वरचे कर्कश सूर ते लोकर शोषून घेतं. चांगल्या मापाचा घेतला तर आवाज जाड आणि सभ्य राहतो. पण स्वस्त डब्यातलं लोकर हळूहळू जळतं, उडून जातं, आणि वर्षभरात तोच डबा बोंबलायला लागतो. म्हणून दुकानात दुसऱ्याच्या गाडीला नवा डबा ऐकून हो म्हणू नका. वर्षभर चाललेला ऐका. आणि चार म्हणजे मी केलं ते, डबाच नाही. त्याला सायलेन्सर म्हणू नये.

नळ्याचं माप. सगळीकडे ऐकाल, "जितका जाड तितकी पॉवर". टर्बोच्या मागे हवा मोकळी गेली तर थोडा फायदा होतो हे खरं. पण २.२ किंवा २.६ लिटरच्या, सव्वाशेच्या आसपास हॉर्सपॉवरच्या इंजिनाला अडीच इंची नळा पुरे. तीन इंची टाकून रस्त्यावर काही कळत नाही, फक्त घूं वाढतो. बिनटर्बो पेट्रोलला तर फार जाड नळा टाकला की खालच्या आरपीएमला गाडी ओढत नाही. वळणं कशी आहेत तेही बघा. वळणावर नळा चेपला असेल तर बाकी ठिकाणचं माप वाया. माप जागच्या जागी कायम राहतं अशी वळणं मशीनवर काढून घ्या.

धातू. साध्या लोखंडाचा नळा स्वस्त, पण गंजतो. स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ असे दोन नंबर ऐकाल. खिशात चुंबक ठेवा. ४०९ ला चिकटतं, ३०४ ला जवळपास चिकटत नाही. ३०४ चे पैसे सांगून ४०९ देणारे भेटतात. ४०९ वाईट नाही, कंपन्याही तेच वापरतात. फक्त पैसे त्याचेच द्या.

आता तो घूं. माझ्या आईचं डोकं त्यानेच दुखलं. ऐंशीच्या वेगाला पाचव्या गियरमध्ये गाडी दोन हजारच्या आसपास फिरते, म्हणजे तोच ६७ हर्ट्झचा सूर. बंद केबिन त्या सुराला घुमते आणि आपण नेमके त्याच वेगाला तासन् तास चालतो. यावर उपाय आहे. मुख्य नळ्याला बाजूने एक बंद तोंडाचा नळा जोडतात. त्यात गेलेली लाट उलटी परत येऊन मूळ लाटेला मारते. त्याची लांबी त्या सुराच्या लहरीच्या पाव. गरम धुरात आवाज हवेपेक्षा वेगाने जातो, त्यामुळे ही लांबी दीड ते पावणेदोन मीटर येते. म्हणजे गाडीखाली जागा शोधावी लागते. त्यापेक्षा मधला छोटा डबा, ज्याला रेझोनेटर म्हणतात, तो काढूच नका. कंपनीने तो उगाच लावलेला नसतो.

आणि कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. काही फिटर म्हणतात, "तो काढा, गाडी मोकळी होते, आणि त्याचे पैसेही मी देतो." पैसे का देतो? कारण आत प्लॅटिनम, पॅलॅडियमसारखे महाग धातू असतात. तो काढला की वास, धूर, आणि पीयूसीला अडचण. बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, बीएस-४ ला ५०. कॅट सोडू नका.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत जे आहे त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. पुणे-नागपूरला बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेले तुम्ही मोबाईलवर पाहिले असतील. चारचाकीला वेगळा नियम नाही. आणि आपल्या जुन्या गाड्यांची खरी परीक्षा वेगळीच आहे. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी, त्यासाठी गाडी तपासायला न्यावी लागते. आमची २०११ ची त्याच दारात उभी आहे. पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही तर वडिलांची गाडी भंगारात. एका तोटीसाठी एवढं पणाला लावायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. म्हणून काढलेला मूळ डबा कधीही भंगारवाल्याला देऊ नका. मी दिला होता. तसाच परत शोधायला मला दोन महिने लागले.

दुकानात जाताना चार गोष्टी करा. मोबाईलच्या ॲपवर आवाज मोजा. तोटीपासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशात, आधी आणि नंतर, तोच मोबाईल, तोच आरपीएम. ॲपचा आकडा तंतोतंत नसतो, पण फरक कळतो. दहा डेसिबल वाढले तर कानाला जवळपास दुप्पट वाटतं. दुसरं, काम वेल्डिंगने नाही तर फ्लँज आणि बोल्टने करून घ्या, म्हणजे परत फिरता येतं. तिसरं, तोटी बंपरच्या बाहेर आली पाहिजे, आणि नळा ब्रेकच्या पाइपपासून, वायरिंगपासून, टाकीपासून लांब. शेतात गाडी लावणाऱ्यांनी वाळल्या गवतावर, कापसाच्या गंजीजवळ गरम गाडी उभी करू नये, हे वेगळं सांगायला नको. चौथं, पैसे देण्याआधी हायवेवर ऐंशीला वीस मिनिटं चालवा, आणि मागच्या सीटवर घरातलं कोणीतरी बसवा. आवाज चांगला की वाईट हे ड्रायव्हरने ठरवायचं नसतं.

आता माझ्या गाडीला काय आहे? नवं गॅस्केट, नवे रबर, मूळ प्रकारचा डबा, मधला रेझोनेटर जागेवर. बस. कन्नडच्या घाटात दुसऱ्या गियरला काच खाली केली की टर्बोची बारीक शिट्टी आणि खाली जाड हुंकार ऐकू येतो. तो आवाज पहिल्यापासून होता, फक्त गळतीच्या फुसफुशीत दबला होता.

आपल्या पाचोऱ्यात आवाजाची माया काय असते ते मला कोणी शिकवायला नको. पीजेचा, आपल्या पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीचा भोंगा ऐकत आपण मोठे झालो. लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच, आणि आजही म्हातारी माणसं त्या भोंग्याची आठवण काढतात. त्या आवाजाने कोणाची झोप मोडल्याची तक्रार मी तरी ऐकली नाही. कारण तो वेळेवर यायचा आणि निघून जायचा.

काकांचा नातू आता तीन वर्षांचा आहे. संध्याकाळी गाडी आली की पळत गेटवर येतो, चक्कर मारायला.

तुमच्या गाडीत गळती सापडली तर कुठे सापडली, ते आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ते ऐकू आणि पासिंगच्या तयारीवर बोलू. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा. येतो.